अँडी वॉरहॉल, एक माउस आणि चौसष्ट हजार ठिपके

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे.

आजची गोष्ट सुरू होते एका लाइव्ह डेमोपासून. तारीख २३ जुलै १९८५. जागा न्यूयॉर्कचं लिंकन सेंटर, तिथलं व्हिव्हियन बोमाँट थिएटर. कमोडोर कंपनी आपला नवा कॉम्प्युटर, अमिगा, लोकांसमोर आणतेय. स्टेजवर ब्लाँडी बँडची गायिका डेबी हॅरी बसली आहे, तिच्यासमोर कॅमेरा. बाजूला पांढऱ्या विगमधला एक माणूस हातात माउस धरून बसलाय. कॅमेऱ्याने टिपलेला तिचा चेहरा स्क्रीनवर येतो आणि हा माणूस त्यात रंग ओतायला लागतो. केस पिवळे, मागे वेगळाच रंग. सोबतचा कमोडोरचा चित्रकार त्याला विचारतो, याआधी कुठल्या कॉम्प्युटरवर काम केलंय? उत्तर येतं, कुठल्याच नाही, याचीच वाट बघत होतो.

तो माणूस म्हणजे अँडी वॉरहॉल. वय ५६. कॅम्पबेल सूपच्या डब्यांमुळे आणि मेरिलिन मन्रोच्या रंगीत चेहऱ्यांमुळे जगप्रसिद्ध झालेला.

अमिगाच्या टीममधल्या लोकांनी नंतर एक मजेशीर गोष्ट सांगितली आहे. चित्र काढायचं ते सॉफ्टवेअर अजून पूर्ण झालेलं नव्हतं आणि त्यातलं फ्लड फिल, म्हणजे एका क्लिकमध्ये बंद आकारात रंग भरणारं टूल, केव्हाही मशीन बंद पाडू शकत होतं. वॉरहॉलने स्टेजवर तेच टूल पुन्हा पुन्हा वापरलं. मशीन टिकलं. ज्यांनी कधी क्लायंटसमोर अर्धवट फीचर चालवून दाखवलंय, त्यांना विंगेत उभ्या असलेल्या त्या इंजिनिअर मंडळींच्या पोटात काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

आता हा विषय का? गेलं दीड वर्ष मी ऑफिस सुटल्यावर रात्री तासभर टॅब्लेटवर चित्रं काढायला शिकतोय. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेल्या, म्हणजे स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे सगळं एकदा हातावरून गेलेलं. मग बीटेक, मग नोकरी, आणि पोस्टर कलरच्या बाटल्या कपाटात वाळून दगड झाल्या. पुन्हा सुरुवात करताना क्लास लावण्याऐवजी मी एक माणूस निवडला आणि त्याच्या कामाच्या मागे लागलो. ‘स्टाइल कशी सापडते?’ असं आपल्या काही श्रोत्यांनी विचारलं होतं. मला स्टाइलपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त कामाची वाटते: तो माणूस ते चित्र *करायचा कसा*. हातात काय होतं, आधी काय, नंतर काय. वॉरहॉलच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर फार सुरस आहे. तेच आज सांगतो.

पहिल्यापासून घेऊ. ६ ऑगस्ट १९२८ ला पिट्सबर्गमध्ये जन्म. घरचं नाव अँड्र्यू वॉरहोला. आईवडील आजच्या स्लोव्हाकियातल्या मिकोवा गावचे, रुसिन समाजातले, स्थलांतरित कामगार. लहानपणी त्याला एक आजार झाला ज्यात हातपाय आपोआप हलतात. त्यात तो महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळला. आई ज्युलिया त्याला मासिकं आणि चित्रांची पुस्तकं आणून द्यायची. तो १३-१४ वर्षांचा असताना वडील गेले. पुढे कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्याने पिक्टोरिअल डिझाइन शिकून १९४९ ला पदवी घेतली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क गाठलं. या कॉलेजचं नाव लक्षात ठेवा, शेवटाकडे ते परत येणार आहे.

न्यूयॉर्कमध्ये तो ‘महान चित्रकार’ म्हणून गेला नाही. जाहिराती आणि मासिकांसाठी चित्रं काढणारा, आजच्या भाषेत फ्रीलान्स इलस्ट्रेटर म्हणून गेला. ग्लॅमर मासिकाचं काम मिळालं, मग इतर मासिकं, पुस्तकांची मुखपृष्ठं, रेकॉर्डची कव्हरं. १९५५ च्या सुमारास आय. मिलर या बूट कंपनीच्या जाहिराती त्याच्याकडे आल्या आणि न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याने काढलेले बायकांचे बूट छापून यायला लागले. पॉप आर्टच्या आधीची ही दहा-बारा वर्षं लोक पटकन ओलांडून जातात. माझ्यासारख्या शिकणाऱ्या माणसाला खरा माल इथेच आहे.

कारण त्या बुटांची रेषा बघा. ती सलग नाही. मध्येच तुटते, मध्येच शाईचा थेंब जमल्यासारखी फुगते, पुन्हा केसासारखी बारीक होते. या पद्धतीला ब्लॉटेड लाइन म्हणतात. आपण तिला टीपकागदाची रेषा म्हणू. शाईच्या पेनाने लिहिलेल्या पिढीला टीपकागद माहीत असेल. लिहिलेलं ओलं असताना वर दाबायचा की जादा शाई तो पिऊन घेतो, आणि त्याच्यावर अक्षरं उलटी उमटतात. वॉरहॉलने नेमकं तेच केलं, फक्त त्याला हवा होता तो टीपकागद.

पद्धत अशी. एक कागद घ्यायचा जो शाई फारशी पीत नाही. त्यावर पेन्सिलने चित्र काढायचं. त्याला दुसरा, शाई शोषणारा कागद एका कडेने चिकटपट्टीने जोडायचा, पुस्तकाची दोन पानं असावीत तसा. मग पेन्सिलच्या रेषेवरून निबने थोडीशीच शाई फिरवायची, इंच-दोन इंच, आणि ती वाळायच्या आत दुसरं पान त्याच्यावर मिटून दाबायचं. उघडायचं, पुढच्या दोन इंचांवर शाई, पुन्हा मिटायचं. असं करत करत पूर्ण चित्र दुसऱ्या पानावर उलटं उमटतं. ते दुसरं पान हे अंतिम चित्र. लहानपणी आपण भेंडीचे ठसे काढायचो, किंवा कागदावर शाईचे थेंब टाकून घडी घातली की फुलपाखरू व्हायचं, त्याच कुळातली ही गोष्ट.

याचा धंद्याला फायदा काय? पेन्सिलचं मूळ चित्र शाबूत राहतं. त्यावर पुन्हा शाई फिरवली की दुसरी प्रत, तिसरी प्रत. कुठे एखादा तपशील बदलायचा, रंग बदलायचे, आणि आर्ट डायरेक्टरसमोर चार पर्याय ठेवायचे. आपण ज्याला ‘व्हर्जन टू, व्हर्जन टू फायनल’ म्हणतो ते तो कागदावर करत होता. रंग भरायला मित्रांना घरी बोलवायचा. अक्षरं लिहायला आई होती. ज्युलिया १९५२ मध्ये त्याच्याकडे राहायला आली होती आणि तिचं वळणदार हस्ताक्षर त्याला इतकं आवडायचं की चित्रांवरचा मजकूर तिच्याकडून लिहून घ्यायचा. इंग्रजी तिला फारसं येत नव्हतं, ती अक्षरं बघून उतरवायची. १९५४ च्या त्याच्या मांजरांच्या पुस्तकात शीर्षकातलं एक अक्षर तिच्याकडून गळलं. त्याने ते तसंच छापलं. आमच्या टीममध्ये हे कोड रिव्ह्यूत अडलं असतं.

पण माझ्या दृष्टीने यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा हात आणि शेवटचं चित्र यांच्यामध्ये काहीतरी आहे. हात या कागदावर चालतो, चित्र त्या कागदावर उमटतं, आणि मधल्या दाबण्यात काय होईल ते त्याच्या पूर्ण ताब्यात नाही. माझा टॅब्लेट स्वस्तातला आहे, त्याला स्वतःचा स्क्रीन नाही. पेन टेबलावर चालतो आणि रेषा समोर मॉनिटरवर दिसते. हात इथे, चित्र तिथे. नवीन शिकणारे सगळे याच गोष्टीची तक्रार करतात. वॉरहॉलने याच अंतरावर पोट भरलं.

मग मी हे करून बघितलं, आणि कॉम्प्युटरवर नाही, आधी कागदावरच. बटर पेपर, शाईची बाटली, निब आणि साधा ड्रॉइंगचा कागद. विषय घरातली कोल्हापुरी चप्पल. बुटांना आपलं उत्तर. उमटलेल्या रेषेचा फोटो काढला, कृतामध्ये नेला (हे फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, डिजिटल चित्रकलेत ज्यांना पाऊल टाकायचंय त्यांनी पैसे खर्च करण्याआधी हेच घ्यावं), आणि थ्रेशोल्ड लावलं. थ्रेशोल्ड म्हणजे एका ठरावीक मर्यादेपेक्षा गडद ते सगळं काळं, बाकी सगळं पांढरं. त्यातले शाईचे सात-आठ फुगीर डाग कापून त्यांचा ब्रश बनवला. आता टॅब्लेटवर रेषा ओढली की ती मध्येच फुगते, मध्येच तुटते. आणखी एक: बहुतेक ॲपमध्ये स्टॅबिलायझर नावाची सोय असते, जी थरथरणारी रेषा गुळगुळीत करून देते. या कामासाठी ती बंद ठेवा. जी थरथर आपण पैसे देऊन घालवतो, तीच थरथर तो माणूस मुद्दाम विकत होता.

आता १९६२. इथे तो जाहिरातीतून गॅलरीत जायची धडपड करतोय. आधी त्याने कॉमिक्समधल्या पात्रांची मोठी चित्रं केली. पण लिओ कॅस्टेली गॅलरीत त्याने रॉय लिक्टनस्टाइनची चित्रं बघितली, तोही कॉमिक्सच करत होता, छपाईच्या ठिपक्यांसकट आणि जास्त सफाईने. वॉरहॉलने कॉमिक्स सोडून दिलं. लिक्टनस्टाइनवर वेगळा भाग करू, तो मोठा विषय आहे.

जुलै १९६२ मध्ये लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत सूपच्या डब्यांची ३२ चित्रं लागली. ३२ का? कॅम्पबेल तेव्हा ३२ प्रकारचं सूप विकत होती म्हणून. प्रत्येक कॅनव्हास २० बाय १६ इंच, आणि गॅलरीवाल्याने ते किराणा दुकानातल्यासारखे फळीवर ओळीने मांडले. किंमत एका चित्राला १०० डॉलर. काही विकली गेली होती, पण गॅलरी चालवणाऱ्या अर्व्हिंग ब्लमला वाटलं हे सगळे एकत्रच राहायला हवेत, म्हणून त्याने विकलेले परत मिळवले आणि अख्खा संच वॉरहॉलकडून १,००० डॉलरला हप्त्याने घेतला. तो संच १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे गेला. लोकांना वाटतं हे डबे छापलेले आहेत. नाहीत. ते बहुतांश हाताने रंगवलेले आहेत. तळाशी असलेल्या फुलांच्या नक्षीसाठी फक्त ठसा वापरलाय.

छपाई आली त्यानंतर लगेच, त्याच वर्षी. स्क्रीन प्रिंटिंग. आपल्याकडे लग्नपत्रिका, स्टिकर, मंडळांचे टी-शर्ट ज्याने छापतात तेच तंत्र. चौकटीवर ताणलेलं बारीक जाळीचं कापड, त्यावर प्रकाशाने घट्ट होणारा लेप, फोटोच्या फिल्ममधून उजेड पाडला की जिथे चित्र आहे तेवढीच जाळी उघडी राहते, बाकी बुजते. वरून रबरी पट्टीने शाई ओढली की चित्र खाली. ऑगस्ट १९६२ मध्ये मेरिलिन मन्रो गेली आणि वॉरहॉलने ‘नायगारा’ या १९५३ च्या सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला तिचा एक फोटो घेऊन चेहऱ्यांची मालिका सुरू केली. ‘मेरिलिन डिप्टिक’ मध्ये तिचा चेहरा ५० वेळा आहे. डावीकडे २५ रंगीत, उजवीकडे २५ काळेपांढरे. उजवीकडे कुठे शाई जास्त झालीय, चेहरा काळ्यात बुडालाय, कुठे इतकी कमी की तो विरून चाललाय. ती गेल्यावर काही आठवड्यांत हे केलंय हे माहीत असलं की उजवी बाजू जास्त वेळ बघवत नाही.

डिजिटल चित्र शिकणाऱ्याने हे चित्र लेअर म्हणून वाचावं. आधी खाली सपाट रंगांचे तुकडे: चेहऱ्याचा गुलाबी, केसांचा पिवळा, पापण्यांचा निळा, ओठांचा लाल. हे रंग तो आधी लावून घ्यायचा, आणि त्यावर फोटोचा काळा स्क्रीन छापायचा. म्हणजे वरचा लेअर थ्रेशोल्ड केलेला फोटो, मोड मल्टिप्लाय. बस, दोनच गोष्टी. पण तुम्ही हे कुठल्याही ॲपमध्ये केलंत तर ते वॉरहॉलसारखं दिसत नाही, मोबाइलच्या फिल्टरसारखं दिसतं. फरक कुठे आहे? त्याचे खालचे रंग काळ्या चित्राशी जुळत नाहीत. ओठांचा लाल ओठांच्या बाहेर सांडलाय, पापणीचा निळा डोळ्याच्या वर तरंगतोय. जुन्या कॅलेंडरवर देवाचा मुकुट आणि त्याचा सोनेरी रंग यांच्यात सूतभर फट दिसायची, तसं. कॉम्प्युटर दोन लेअर पिक्सेलगणिक बरोब्बर बसवतो. तिथे माणसाला मुद्दाम रंग हलवावा लागतो, आणि कुठे किती हलवायचा हे ठरवायला डोळा लागतो. मी एकाच चेहऱ्याचे नऊ चौकोन केले, प्रत्येकात रंगाचा लेअर वेगळ्या दिशेला सरकवून. एकात ओठ जरा खाली गेले आणि चेहरा थकलेला दिसायला लागला. रेषा तीच, फोटो तोच.

इथे एक नाजूक प्रश्न येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. फोटो कुणाचा?

१९६४ मध्ये वॉरहॉलने ‘फ्लॉवर्स’ नावाची मालिका केली. मूळ फोटो पॅट्रिशिया कॉलफिल्ड या छायाचित्रकर्तीचा, ‘मॉडर्न फोटोग्राफी’ मासिकात छापून आलेला. त्याने विचारलं नाही, सरळ घेतला. १९६६ मध्ये तिने दावा लावला आणि शेवटी तडजोड होऊन तिला रॉयल्टी द्यायचं ठरलं. त्यानंतरच्या वर्षांत त्याने स्वतः पोलरॉइड कॅमेऱ्याने फोटो काढून त्यावरून चित्रं करायचं प्रमाण खूप वाढवलं.

दुसरं प्रकरण अगदी आत्ताचं. लिन गोल्डस्मिथने १९८१ मध्ये गायक प्रिन्सचा फोटो काढला होता. १९८४ मध्ये व्हॅनिटी फेअर मासिकाने तो ४०० डॉलर देऊन एकदाच वापरायच्या अटीवर संदर्भ म्हणून घेतला आणि वॉरहॉलकडून चित्र करून घेतलं. वॉरहॉलने एक नाही, १६ कलाकृती केल्या. २०१६ मध्ये प्रिन्स गेल्यावर त्यातलंच केशरी रंगाचं एक चित्र मासिकाच्या विशेषांकावर छापलं गेलं. वॉरहॉलच्या नावाच्या फाउंडेशनला त्याचे १०,००० डॉलर मिळाले. गोल्डस्मिथला काही नाही, नावसुद्धा नाही. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १८ मे २०२३ ला ७ विरुद्ध २ असा निकाल तिच्या बाजूने लागला. कोर्टाने निकाल त्या एका वापरापुरता ठेवला: मासिकात प्रिन्सचं चित्र म्हणून छापायला देणं. मूळ फोटोचा बाजार तोच होता, म्हणजे तिच्याच गिऱ्हाइकाला तिचीच वस्तू रंगवून विकल्यासारखं.

मला वॉरहॉल आवडतो, तरी यात मी गोल्डस्मिथच्या बाजूचा आहे. आपण कोडमध्ये दुसऱ्याची लायब्ररी वापरतो तेव्हा लायसन्स बघतो ना? बघायला हवं तरी. म्हणून माझा नियम साधा आहे: पद्धत वॉरहॉलची, फोटो माझा. चेहरा हवा असेल तर घरच्यांना विचारून काढलेला. आजोबांचा एक फोटो आहे, चष्मा कपाळावर चढवून पेपर वाचतानाचा. जांभळ्या रंगात ते भलतेच भारी दिसतात आणि त्यांची परवानगी आहे, अट एकच की चष्मा नीट काढ.

आणि हो, आता एआयला एक ओळ लिहिली की ‘वॉरहॉलसारखं’ चित्र चार सेकंदांत मिळतं. मिळतं, मी बघितलंय. त्यात रंगसुद्धा ओठांबाहेर सांडलेले असतात. फक्त ते का सांडले होते हे त्या चार सेकंदांत कळायला जागा नाही.

बरं, परत १९८५. आपल्या माणसाला माउसपाशी सोडून आलो होतो.

अमिगा १००० ची किंमत मॉनिटर सोडून १,२९५ डॉलर. रॅम २५६ केबी. हो, केबी. पण त्या काळी रंगांच्या बाबतीत ते विलक्षण मशीन होतं: ४,०९६ रंगांमधून निवडलेले ३२ रंग एका वेळी स्क्रीनवर. साध्या मोडमध्ये चित्र ३२० बाय २०० पिक्सेल. गुणाकार करा, ६४,००० ठिपके. ३२ रंगांसाठी प्रत्येक ठिपक्याला ५ बिट. म्हणजे ३,२०,००० बिट, म्हणजे ४०,००० बाइट. एका ८८० केबीच्या फ्लॉपीवर अशी वीस-बावीस चित्रं कच्च्या स्वरूपात मावतील. तुमच्या फोनमधल्या एका फोटोला अशा कित्येक फ्लॉप्या लागतील.

डेमोनंतर त्याने हे मशीन वापरत काही चित्रं केली. पेन नाही, माउस. ज्यांनी कधी पेंटमध्ये माउसने स्वतःचं नाव लिहायचा प्रयत्न केलाय त्यांना माहीत आहे, हातात साबणाची वडी धरून लिहिल्यासारखं होतं. त्यातलं एक चित्र आहे सूपच्या डब्याचं. तेवीस वर्षांपूर्वी ज्याने त्याला नाव दिलं तोच डबा. रेषा वाकड्यातिकड्या, अक्षरं धडपडणारी. मला ते फार आवडतं. जगातला इतका मोठा चित्रकार नवीन साधन हातात आल्यावर काय करतो, तर जे डोळे मिटून येतं तेच काढून बघतो. आपण नवीन भाषा शिकताना ‘हॅलो वर्ल्ड’ छापतो, तसं. दुसऱ्या एका चित्रात बोत्तिचेल्लीच्या व्हीनसचा चेहरा आहे आणि तिच्या कपाळावर तिसरा डोळा. आपल्याला लगेच महादेव आठवतो, पण इथे मामला कॉपी-पेस्टचा आहे: एक डोळा उचलला आणि वर चिकटवला. शोधलेली नवी सोय लगेच वापरून बघायचा तो आनंद अगदी स्पष्ट दिसतो.

२२ फेब्रुवारी १९८७ ला पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर वॉरहॉल गेला. फ्लॉप्या इतर सामानाबरोबर जपल्या गेल्या आणि पुढे पिट्सबर्गच्या वॉरहॉल म्युझियममध्ये येऊन पडल्या. त्या होत्या, पण त्यात काय आहे हे कुणी बघत नव्हतं.

२०११ मध्ये कोरी आर्केंजल या कलाकाराने यूट्यूबवर त्या जुन्या डेमोचा व्हिडिओ बघितला आणि त्याला प्रश्न पडला, ती चित्रं गेली कुठे? त्याने कार्नेगी म्युझियम ऑफ आर्टशी बोलणं केलं, वॉरहॉल म्युझियमने दारं उघडली, आणि तांत्रिक काम केलं कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबने. कार्नेगी मेलन म्हणजे तेच कॉलेज, जिथून वॉरहॉल १९४९ मध्ये शिकून बाहेर पडला. १९६७ मध्ये विलीनीकरण होऊन नाव बदललं इतकंच.

जुनी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालून वाचायची म्हणजे जुगार, वरचा चुंबकीय थर खरवडला गेला तर खलास. म्हणून क्रायोफ्लक्स नावाचं उपकरण वापरलं. ते आधी फाइल शोधत बसत नाही, तबकडीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदवून घेतं. एकदा ती नक्कल हातात आली की पुढचे सगळे प्रयोग नकलेवर. मग यादी दिसली: कॅम्पबेल, मेरिलिन, फ्लॉवर अशी फाइलींची नावं! पण उघडेनात. सॉफ्टवेअरच्या बाजारात यायच्या आधीच्या आवृत्तीत त्या सेव्ह झालेल्या होत्या आणि तो फॉरमॅट कुणाच्या ओळखीचा नव्हता. क्लबच्या पोरांनी तो बाइट-बाइट करून उलगडला. २४ एप्रिल २०१४ ला जाहीर झालं: वॉरहॉलच्या धाटणीची, आधी कधीच न बघितलेली २८ चित्रं, त्यातल्या किमान ११ वर त्याची सही. मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सर्वांत थरारक वाटतो. मेरिलिनचा कॅनव्हास कुणीही डोळ्यांनी बघू शकतं. या चित्रांना बघायलाच आधी कोणीतरी फॉरमॅट वाचणारं लागलं.

इथे एक बारीक तांत्रिक गंमत. ३२० बाय २०० चं चित्र त्या वेळच्या ४ बाय ३ च्या काचेवर पसरायचं, त्यामुळे तिथला पिक्सेल चौकोनी नव्हता, किंचित उभट होता. आजच्या चौकोनी पिक्सेलच्या स्क्रीनवर तेच चित्र जसंच्या तसं लावलं की चेहरे जरा चपटे दिसतात. चित्र बदललेलं नसतं, ठिपक्याचा आकार बदललेला असतो.

आणि मग मे २०२१. एनएफटीची लाट. क्रिस्टीजने वॉरहॉल फाउंडेशनसाठी यातली पाच चित्रं एनएफटी म्हणून लिलावात काढली, सगळी मिळून सुमारे ३४ लाख डॉलरना गेली. तेव्हा गोलन लेव्हिन या कार्नेगी मेलनच्याच प्राध्यापकाने, ज्याची मूळ शोधाला मदत झाली होती, बोट दाखवलं: विकलेल्या फाइली ६,००० बाय ४,५०० पिक्सेलच्या आहेत. मूळ चित्र ३२० बाय २०० च्या घरातलं. आपण हिशोब करू: २ कोटी ७० लाख भागिले ६४ हजार, म्हणजे विकलेल्या दर ४२० पिक्सेलमागे साधारण एक वॉरहॉलचा. बाकीचे कॉम्प्युटरने फुगवून भरलेले. ज्या माणसाने आयुष्यभर ‘मूळ’ आणि ‘प्रत’ यांची खिल्ली उडवली त्याच्याच बाबतीत मूळ फाइल कोणती यावर भांडण व्हावं, हे त्याला बहुतेक आवडलं असतं. मला नाही आवडलं. चाळीस हजार बाइट आख्खे मिळाले होते, ते द्यायचे होते.

ज्यांना हात चालवायचाय त्यांच्यासाठी या वेळचा अभ्यास. कृता किंवा जे असेल ते ॲप उघडा. कॅनव्हास ३२० बाय २००. ब्रश एक पिक्सेलचा, कडा गुळगुळीत करणारं सेटिंग बंद. ३२ रंग आधी ठरवून बाजूला मांडून ठेवा, तेहेतिसावा घ्यायचा नाही. पेन बाजूला, फक्त माउस. आणि विषय असा घ्या जो तुमच्या घरात रोज असतो. मी पारले-जीचा पुडा घेतला. पिवळे-पांढरे पट्टे अकरा मिनिटांत झाले. लाल अक्षरांना दीड तास गेला, कारण ६४ हजार ठिपक्यांत ‘जी’ ला जागाच उरत नाही.

केलंत तर मला पाठवा. पीएनजी चालेल. फक्त मोठं करून पाठवू नका, जसं आहे तसंच ३२० बाय २०० मध्ये पाठवा. पुढचा भाग पंधरा दिवसांनी, लिक्टनस्टाइन आणि छापखान्यातल्या ठिपक्यांवर.